सायकल चालवताना हाताला मुंग्या का येतात?



आपल्या जाफराबाद तालुक्यात पुष्कळ मुले-मुली सायकलवर शाळेत जातात. आठवीच्या पुढच्या ताईंना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या आहेत. दूधवाले काका पहाटेच कॅन लावून निघतात. रस्ता कुठे डांबरी, कुठे मुरमाचा, तर कुठे नुसती खडी. खडीवर हँडल थरथर करते आणि थोड्या वेळाने करंगळी बधिर होते. मोठी माणसे म्हणतात, "काही नाही रे, हात झटक." पण बधिर हाताने ब्रेक नीट दाबला जात नाही. उतारावर एकदम बैल आडवा आला तर? म्हणून ही माहिती सर्वांनी वाचावी.

मुंग्या का येतात?

कोपर भिंतीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे एक मज्जातंतू असतो. तोच खाली मनगटातून करंगळीकडे आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे जातो. तळहाताच्या कडेला तो कातडीच्या जवळ असतो. आपण हँडलवर रेलून बसलो की तो दाबला जातो. वरून रस्त्याचे हादरे बसतात. मग त्या दोन बोटांना मुंग्या येतात. अंगठा आणि त्याच्या जवळच्या बोटांना मुंग्या आल्या तर मनगटाच्या मधला दुसरा मज्जातंतू दाबला गेला असे समजावे. मनगट वाकडे धरले की असे होते.

हादरे कमी कसे झाले?

फार पूर्वी सायकलच्या लाकडी चाकांना लोखंडी धाव असे, आपल्या बैलगाडीसारखी. अंग नुसते खिळखिळे व्हायचे. पुढे भरीव रबर आले. जॉन डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर बेलफास्ट शहरात राहत. त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची ट्यूब बसवली. १८८८ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. हवा दबते, म्हणून गचका आधी ती खाते. उरलेला आपल्या हाताला बसतो.

करून पाहा

अर्धी भरलेली पाण्याची बाटली हँडलला घट्ट बांधा. टायर दगडासारखा टणक असताना खडीवरून सायकल हाताने ढकलत न्या. मग थोडी हवा कमी करून त्याच जागेवरून न्या. पाणी केव्हा जास्त उसळते ते बघा.

उपाय

१. हवा बेताची ठेवा. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. पण हवा फार कमी नको. खड्ड्यात रिम आपटते अन् ट्यूब पंक्चर होते.

२. सीट सपाट ठेवा. सीटचे टोक खाली झुकले असेल तर अंग पुढे घसरते आणि सगळा भार हातावर येतो. पाना लावून सीट सरळ करता येते.

३. कोपरे थोडी वाकवा. हात काठीसारखे ताठ नकोत. मनगट सरळ ठेवा.

४. मूठ फार आवळू नका. थोड्या थोड्या वेळाने हाताची जागा बदला.

५. मुठीचे रबर झिजले असेल तर नवे बसवा. जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली तरी चालते. मूठ मात्र फिरता कामा नये.

६. पिशवी हँडलला अडकवू नका, मागे कॅरिअरला बांधा.

७. लहान मुलांना मोठ्या माणसाची सायकल देऊ नका. हात ताणले जातात आणि भार वाढतो.

८. मुंग्या आल्याच तर सायकल थांबवा, खाली उतरा आणि बोटे उघडझाप करा. चालत्या सायकलवर हात झटकू नका.

उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल किंवा हातातून वस्तू पडू लागली तर दवाखान्यात दाखवावे. रोज लांबून येणाऱ्या ताईंनी आणि दूधवाल्या काकांनी तर नक्कीच.

पालकांनो, आज घरी गेल्यावर आपल्या मुलाच्या सायकलची हवा, सीट आणि ब्रेक एकदा बघा. पाच मिनिटांचे काम आहे.

– इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. जाफराबाद