ताळा जुळला, पण हिशेब चुकला

घरचा जमाखर्च साध्या टेक्स्ट फायलीत ठेवायचा म्हणजे कीर्द आपण लिहायची आणि खतावणी प्रोग्रामने करायची. २००३ साली आलेल्या लेजर या प्रोग्रामची ही कल्पना एचलेजर आणि बीनकाउंट या प्रोग्रामांनी पुढे नेली. प्रोग्राम बसवणं सोपं आहे, आणि म्हणूनच लोक लगेच नोंदी टंकू लागतात. माझं सांगणं असं, की आपण आकडे कसे लिहितो आणि आपली खाती कोणती, हे पहिल्या नोंदीआधीच फायलीत जाहीर करा.

द्विनोंदी पद्धतीत चूक आपोआप पकडली जाते, असा यावर आक्षेप येतो. पण पकडली जाते ती एका बाजूची चूक. एचलेजरला काही सांगितलं नसेल, तर ‘१,०००’ मधला एकुलता स्वल्पविराम तो दशांशचिन्ह मानतो. हजाराचा होतो एक रुपया. नावे आणि जमा दोन्हीकडे एकच, त्यामुळे बेरीज शून्य! आरंभीची शिल्लक २५,०००, खर्च १,०००, आणि पडताळणीसाठी लिहिलेली शिल्लक २४,००० : पंचविसातून एक गेला, चोवीस उरले, पडताळणीही पास. अहवालात आकडे छापलेही जातात जसेच्या तसे. मग एखादा साधा ५०० चा खर्च ‘५००,०००’ होऊन समोर येतो. (१,००,००० मात्र लाखच राहतो, कारण त्यात स्वल्पविराम दोन.) उपाय एका ओळीचा आहे. फायलीच्या माथ्यावर कमॉडिटी निर्देशात, म्हणजे चलनाचे आकडे कसे लिहायचे ते सांगणाऱ्या ओळीत, ₹१,००,०००.०० असा नमुना द्या. टिंब दशांशाचं, स्वल्पविराम गटाचा, हे ठरून जातं. पडताळणीची शिल्लकही बँकेच्या स्टेटमेंटवरून पैशांसकट उतरवा, म्हणजे टिंबामुळे स्वल्पविराम एकुलता राहणार नाही.

खात्यांचं दुखणं वेगळं. खात्याचं नाव आणि रक्कम यांत किमान दोन स्पेस लागतात. एकच दिली तर ‘खर्च:किराणा ₹५००’ हे सगळं खात्याचं नाव ठरतं आणि दुसऱ्या बाजूला रक्कम असेल, तर इथली रिकामी जागा प्रोग्राम स्वतःच भरतो, तक्रार न करता. ‘किराणा’ एकदा ‘किराना’ लिहिलात की दुसरं खातं उघडलंच. खाती आधी जाहीर करून, जाहीर नसलेलं खातं नाकारणारी स्ट्रिक्ट तपासणी चालवली, तर दोन्ही चुका तिथल्या तिथे अडतात.

घरच्या हिशेबाला एवढा काच कशाला, असं कुणी म्हणेल. आकड्यांपुरतं ते थोडं खरं आहे. नमुन्याची ओळ वर्षाने घातली तरी जुने सगळे आकडे एकदम सुधारतात. खात्यांना मात्र ही सवलत नाही, तिथे प्रत्येक ‘किराना’ शोधूनच काढावा लागतो.