त्या मावशीचं नाव वहीत लिही

अगं, काल तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कळण्याच्या पिठात होते, म्हणून नुसतं हं हं करत राहिले. तू मात्र एका दमात सगळं सांगून मोकळी झालीस. शेतकरी उत्पादक कंपनीची जबाबदारी अचानक अंगावर आली, संचालिका विचारतायत की यंदा नवीन काय करणार. प्रशिक्षणाला गेलीस तर तिथे पडद्यावर इनोव्हेशन, लीडरशिप, कल्चर, स्टोरीटेलिंग असे मोठमोठे शब्द. परत येऊन बघतेस तर पथारीवर ओली मिरची आणि वर आभाळ भरून आलेलं. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणालीस, ‘ताई, मला काही सुचतच नाही गं. मी या कामाची नाहीच.’

आता पदर खोचून निवांत बसलेय, तर नीट ऐक.

खरं सांगू का, तुला काही सुचायलाच हवं असं कुणी सांगितलं? तुझ्या हाताखाली इतक्या बाया आहेत. कुणी वीस वर्षं देठ खुडतेय, कुणी लहानपणापासून आमचुरासाठी कैऱ्या चिरतेय. त्यांना रोज काहीतरी दिसत असतं. ते त्यांनी तुला येऊन सांगावं, एवढंच तुझं काम. आणि ते सोपं नाही, हे मी अनुभवाने सांगते.

तुझ्या वयाची असताना मी एका मसाल्याच्या कारखान्यात देखरेखीला होते. आपल्या मिरचीच्या हंगामाचं तुला काय सांगायचं! बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते, व्यापारी माल उचलतात, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पथाऱ्या पडतात आणि वारा फिरला की अख्ख्या नंदुरबारला ठसका लागतो. नाकातोंडाला ओढणी बांधून बाया ओळीने देठ खुडत बसतात. मजुरी किलोवर. संध्याकाळी हाताची इतकी आग होते की लेकराला जवळ घ्यायची भीती वाटते.

त्या ओळीत अक्कलकुव्याकडची एक मावशी होती. थोडं भिली, थोडं मराठी बोलायची. एकदा पाऊस शिंतडून गेला, खालची मिरची सर्दावली, तेव्हा ती मला म्हणाली, ‘पोरी, हिला खालून वारा लागू दे. घरी आम्ही ओलं काही असलं की खाटेवर टाकतो. तशी उंच जाळी बांध.’ मी घाईत होते. म्हटलं, ‘मावशी, आधी ते पोतं संपवा.’

पण बोलणं डोक्यात राहिलं. आठवड्याभराने एका कोपऱ्यात बांबू रोवले, जुनी शेडनेट ताणून बांधली आणि तिच्यावर थोडी मिरची पातळ पसरली. बघ, जमिनीवरच्या मिरचीच्या आधी ती खडखडीत वाळली. माती नाही, खडा नाही, रंगही एकसारखा. मालक फेरीला आले, मिरची हातात घेऊन वाजवून पाहिली आणि विचारलं, ‘ही कुणाची कल्पना?’

मी म्हटलं, ‘माझी.’

मावशी दोन हातांवर बसली होती. तिने मान वर केली नाही. देठ खुडत राहिली. त्या हंगामात ती एक दिवसही चुकली नाही, पण माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलली नाही. आणि ती एकटीच गप्प झाली नाही गं, अख्खी ओळ गप्प झाली. या बाईला काही सांगितलं तर ते तिचं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. तिला शोधायला निघाले तेव्हा कळलं की मला तिचं पूर्ण नावही माहीत नाही. हजेरीत नुसतं पहिलं नाव होतं, गावाचा रकाना कोरा. तो कोरा रकाना मला अजून दिसतो.

म्हणून तुला एक वही करायला सांगतेय. मोबाइलमध्ये नको, कागदाची, सगळ्यांना दिसेल अशी. कुणी काही सुचवलं की तारीख, तिचं पूर्ण नाव, गाव आणि तिने काय सांगितलं, तिच्याच शब्दांत. पुढे काय केलं तेही खाली लिहायचं. जमलं नाही तर ‘जमलं नाही’ असं लिहायचं, आणि का जमलं नाही ते तिला समोर बसवून सांगायचं. ‘बघू’ म्हणून सोडून दिलंस तर दुसऱ्यांदा ती सांगायला येणार नाही.

आपल्याच भागातले वाहरू सोनवणे माहीत आहेत ना? शहाद्याच्या श्रमिक संघटनेत घडलेले भिल कवी. 1987 साली त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत एवढंच आहे की ज्यांचं दुःख आहे ते खाली बसलेत आणि त्यांचंच दुःख त्यांना वरून कुणी दुसरं सांगतंय. छोटीशी कविता आहे, पण मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला पथारीवरचा माझा तो एक शब्द आठवला आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं. स्टोरीटेलिंगचं एवढं ऐकून आलीस, तर गोष्ट कोण सांगतंय हे आधी बघ. तुझ्या मिरची पावडरीच्या पाकिटावर कुणा बाईचा फोटो टाकायचा असेल तर तिला विचारून टाक. तिची गोष्ट छापायची तर छापण्याआधी तिला वाचून दाखव. ‘गरीब बिचारी आदिवासी महिला’ असलं काही लिहिलंस तर माझ्याशी गाठ आहे. ती मिरचीची जाणकार आहे, तसंच लिहायचं.

बरं, पुढाऱ्याचं काम काय, असं तू विचारलंस. यासाठी लांब जायला नको. 2020 चा सप्टेंबर आठव. कोरोनाची पहिली लाट चालू होती. तेव्हा डॉ. राजेंद्र भारूड आपले जिल्हाधिकारी होते आणि त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन तयार करणारा प्रकल्प उभा करून घेतला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आणखी प्रकल्प उभे राहिले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडरसाठी धावत होते, आणि ज्या नंदुरबारचं नाव एरवी कुपोषणाच्या बातमीतच येतं तिथे प्राणवायू होता. हा माणूस साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा, भिल समाजातला. वडील जन्माआधीच गेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. हे त्यांनी ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या पुस्तकात स्वतःच लिहिलंय. मला यात दोन गोष्टी दिसतात बघ. एक म्हणजे पुढच्या वाईट दिवसांचा विचार त्यांनी आधीच केला. दुसरी म्हणजे खर्च वाया गेला असता तर बोट त्यांच्याकडेच दाखवलं गेलं असतं, तरी सही त्यांनी केली. तुझ्या कंपनीतही ती सही तुझीच असणार आहे. बायांनी सुचवायचं, करून बघायचं, आणि फसलं तर सभेत उभं राहून ‘निर्णय माझा होता’ असं तू म्हणायचं. यश आलं तर वहीतलं नाव वाचायचं. मी नेमकं उलटं केलं होतं.

तोट्याची भीती वाटते ना? वाटू दे. म्हणूनच मी म्हणते की लोणच्याच्या नव्या मसाल्याची पहिली बरणी छोटी घालतो, तसं कर. पाच किलो मिरची, एक जाळी, चार दिवस. गेली तर किती गेली हे आधीच ठरवून संचालिकांच्या सभेत लिहून घे. उत्पादक कंपनीच्या कायद्याने संचालक मंडळाची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा घ्यावीच लागते. नुसत्या सह्या घेऊन ती उरकू नकोस. त्याच बैठकीत ‘यंदा करून बघायचं’ म्हणून थोडी रक्कम बाजूला काढून घे. मग दर वेळी कुणाच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही.

प्रशिक्षणात परदेशी कंपन्यांचं कौतुक ऐकलंस. त्यातली टोयोटाची दोरी मला फार आवडते. काही चुकलेलं दिसलं की साध्या कामगाराने दोरी ओढायची, वरचा माणूस धावत येतो आणि गरज पडली तर काम थांबतं. त्या घराण्याचं मूळ तर मागाचं. साकिची टोयोडांनी 1924 साली असा स्वयंचलित माग पुरा केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. तुझ्याकडे दोरी नको, पण बुरशी लागलेली मिरची दिसली तर कुठलीही बाई ‘थांबा’ म्हणू शकेल आणि त्या थांबण्याची मजुरी कापली जाणार नाही, एवढं कर.

मात्र आपल्या माणसांची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात लोखंडी नांगर बनवू लागले तेव्हा शेतकरी हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा समज होता. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं गेली! विचार कर, दोन वर्षं तो माल डोळ्यांसमोर पडून. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आणि 1920 साली या नांगराच्या कारखान्यातून काय निघालं असेल? मासिक! ‘किर्लोस्कर खबर’. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. सुरुवात कारखान्याच्या बातम्यांपासून झाली, पण पुढे ते घराघरात वाचलं जाणारं मासिक झालं. 1930 मध्ये ‘स्त्री’ निघालं, 1934 मध्ये ‘मनोहर’. माझ्या आजोळी ‘स्त्री’चे जुने अंक ट्रंकेत जपून ठेवलेले होते, त्यांचा तो डांबरगोळ्यांचा वास अजून आठवतो.

मला वाटतं, नांगर विकताना त्यांना कळलं होतं की नवी वस्तू बनवून भागत नाही, नव्याला न बिचकणारा माणूसही हवा, आणि तो घडवायला त्याच्याशी बोलत राहावं लागतं. दर महिन्याला, वर्षानुवर्षं. तुला मासिक काढायला नाही सांगत गं मी. महिन्यातून एकदा, बाजाराचा दिवस सोडून, सगळ्यांना एकत्र बसव. खुर्च्या नकोत, तूही खाली बस. पावरी बोलणारीने पावरीत सांगावं, भिलीवालीने भिलीत, अहिराणीवालीने अहिराणीत. मराठीत सांगायला लावलंस तर निम्म्या बाया हसून पदर तोंडावर घेतील आणि तुला वाटेल की त्यांना काही सांगायचंच नाही. महिन्यात काय बिघडलं, काय जमलं, एवढंच विचार. आणि सुरुवात तुझ्या चुकीपासून कर. माझी पथारीची गोष्ट सांगितलीस तरी चालेल.

आता एक गोष्ट कान देऊन ऐक, कारण ही कुठल्याच प्रशिक्षणात सांगणार नाहीत. त्या दोन तासांची मजुरी द्यायची. किलोवर कमावणारी बाई दोन तास तुझ्यासमोर बसली तर तिची तेवढी भाजी-मीठ गेलं. कंपनीला तिचं डोकं हवं असेल तर त्याचे पैसे मोजायला नकोत का? आणि दुसरं. समजा एखादीने देठ झटपट निघायची युक्ती काढली, आणि तुम्ही लगेच किलोचा दर खाली आणला, तर तिने स्वतःच्याच पोटावर पाय दिला असं होईल. मग पुढची युक्ती ती चुलीपुढेच ठेवेल, तुझ्यापर्यंत येणार नाही. दर कमी होणार नाही हे आधी ठराव करून लिही. संचालिका कुरकुरतील. त्यातल्या बऱ्याच जणींनी स्वतः देठ खुडलेत, त्यांना त्या दिवसांची आठवण करून दे.

हे सगळं महिन्याभरात होणार नाही. विरजण लावलेलं भांडं दर तासाला उघडून हलवलं तर दही लागतं का? पहिल्या बैठकीत कुणीच बोलणार नाही. चहा पितील, मिरचीच्या भावाबद्दल बोलतील, सारंगखेड्याच्या यात्रेला कोण कोण जाणार ते ठरवतील. होऊ दे. दुसऱ्या खेपेला एखादी जाता जाता, दाराशी चप्पल घालताना काहीतरी पुटपुटेल. तेवढ्यासाठी तू दाराशी उभी राहा. खरं बोलणं बहुतेक वेळा चप्पल घालतानाच होतं.

आणि तू रडलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आभाळ बघून जिचा जीव कासावीस होतो तिला त्या मिरचीची आणि त्या बायांच्या मजुरीची काळजी आहे. कामाची नसतीस तर रात्री साडेनऊला मला कशाला फोन केला असतास? आज आधी ताडपत्री बघून ठेव, कुठे फाटली असेल तर शिवून घे. जेव वेळेवर. वही उद्या बाजारातून आण, जाड पुठ्ठ्याची.

आणि वहीत पहिलं नाव आलं की रात्री फोन कर. कोण काय म्हणालं ते मला ऐकायचंय, पूर्ण नाव आणि गावासकट.