वीज व तिच्याविषयींच्या दोन समजुती

वैशाखाच्या अखेरीस अंबरनाथ-बदलापुराकडे दुपारीं उकाडा असह्य होतो. तापलेल्या भूमीवरील हवा हलकी होऊन वर चढते. समुद्राकडून आलेली वाफ तिच्यासंगें जाते, आणि सह्याद्रीच्या उतारावर दोहींस आणखी उठाव मिळतो. उंचावर वाफेचे थेंब व हिमकण बनतात. हिमकण व गारा एकमेकांवर आदळून ढगांत विजेचा भार सांचतो. बहुधा माथ्याकडे धन व तळाकडे ऋण. हा ताण हवेस सोसेनासा झाला म्हणजे वीज पडते. तिच्या वाटेंतील हवा सुमारें ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून एकाएकीं फुगते, तोच गडगडाट.

गडगडाट ऐकूं आला कीं आपण विजेच्या टप्प्यांत आलों असें समजावें. हातांतील काम टाकून पक्क्या घरांत जावें; मांडव किंवा खोपट उपयोगाचें नाहीं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटें बाहेर पडूं नये. आंब्याखालीं उभें राहणें तर फार वाईट. झाडांतून उतरणारी वीज शेजारच्या मनुष्यावर उडी घेते, आणि जमिनींतून पसरून पायांवाटे अंगांत शिरते. गुरांच्या पुढल्या व मागल्या पायांत अंतर अधिक, म्हणून झाडाखालीं तीं एकदम अनेक मरतात.

पायाळू मनुष्यावर वीज पडते, ही समजूत निराधार आहे. परंतु तिजहून घातक समजूत ही कीं, वीज पडलेल्यास शिवूं नये. वाचकहो, त्याच्या अंगांत वीज मुळींच उरत नाहीं! श्वास बंद असल्यास लागलीच छातीच्या मध्यभागीं तळहातांनीं जोरानें, मिनिटास १०० ते १२० वेळां दाबावें. दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, व ती येईपर्यंत दाबणें थांबवूं नये.