मुले आणि भूमिका-खेळ

भातुकली मांडून बसलेल्या मुलांकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. खेळ सर्वस्वी कल्पनेचा असला तरी तो नियमरहित नसतो. जी मुलगी आई झाली आहे तिने आईसारखेच वागले पाहिजे. पाहुणा म्हणून आलेल्याने उठून स्वयंपाकाला लागता कामा नये. कोणी चुकले तर इतर मुले त्यास तत्काळ थांबवितात. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ साली दिलेल्या एका व्याख्यानात नेमक्या याच मुद्द्यावर भर दिला होता. पाच व सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी ‘बहिणी-बहिणी’ हा खेळ खेळतात, असे उदाहरण त्यांनी घेतले. एरवी त्या बहिणी असतातच. परंतु खेळात बहिणीने कसे वागावे याचे भान त्यांना ठेवावे लागते. प्रत्येक काल्पनिक प्रसंगात नियम दडलेले असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिका-खेळ म्हणजे या भातुकलीचेच वाढत्या वयाला साजेसे रूप होय. यात एक खेळाडू सूत्रधार होतो आणि इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो आणि विचारतो, “आता तुम्ही काय करता?” खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात. जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. या खेळात कोणी कोणाला हरवीत नाही. सर्वांनी मिळून संकटातून वाट काढावयाची असते.

खेळाचा उगम

या खेळाचे मूळ युद्धाच्या खेळांत आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी नकाशावर लुटुपुटीच्या लढाया खेळत असत आणि त्यांचा निवाडा एक पंच करीत असे. पुढे अमेरिकेत अशा खेळांचे हौशी गट निर्माण झाले. त्यांतील डेव्ह आर्नेसन यांनी मिनेसोटा राज्यात सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका घेऊन खेळण्याची पद्धत विकसित केली. १९७२ साली त्यांनी हा प्रकार विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स यांना दाखविला. गायगॅक्स यांनी एका काल्पनिक किल्ल्याखालील भुयारांचा आराखडा तयार केला. त्या भुयारांत प्रथम उतरले ते त्यांचे स्वतःचे मुलगा आणि मुलगी. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन लहान पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती.

मुलांबरोबर पारखला गेलेला हा खेळ छापील स्वरूपात मात्र मुलांना दुर्बोध ठरला. आधीपासून युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांनाच त्या पुस्तिका कशाबशा उमगत. ही अडचण ओळखून एरिक होम्स या मज्जाविकारतज्ज्ञाने नवशिक्यांसाठी नियमांची सोपी मांडणी केली. ती १९७७ साली प्रसिद्ध झाली. १९८३ साली फ्रँक मेंट्झर यांनी याही पुढचे पाऊल टाकले. दहा वर्षे व त्यापुढील वयाच्या नवशिक्यांसाठी असलेली त्यांची पुस्तिका नियमांनी सुरू न होता एका गोष्टीने सुरू होते. वाचक हाच गोष्टीतील योद्धा असतो. तो गुहेत शिरतो, त्याला एक मैत्रीण भेटते, ती त्याच्या जखमा बऱ्या करते आणि पुढे एका दुष्ट जादूगाराच्या हातून मारली जाते. या ओघात कोणता नियम कशासाठी आहे हे वाचकाला आपोआप समजते. आधी प्रसंग आणि मग नियम, हा क्रम आजही मार्गदर्शक ठरावा असा आहे.

आरंभ कसा करावा

पहिल्या खेळासाठी तीन-चार मुले पुरेशी होतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा खेळ अर्ध्या तासात आटोपावा. दहा वर्षांची मुले दोन तासही रमतात. प्रत्येक पात्राचे नाव, त्याला उत्तम येणारी एक गोष्ट आणि न जमणारी एक गोष्ट एवढे कागदावर लिहिले की काम भागते. चार, आठ, बारा व वीस बाजूंच्या फाशांचे मुलांना मोठे आकर्षण असते. तथापि ते नसतील तर नेहमीचे दोन फासे चालतात. भीतिदायक प्रसंग कितपत चालतील हे आधीच विचारून घ्यावे आणि कोणीही केव्हाही ‘थांबा’ म्हणू शकेल असे ठरवावे. बोलके मूल सर्वांच्या वतीने निर्णय घेऊ लागते. म्हणून सूत्रधाराने अबोल मुलाला त्याच्या पात्राच्या नावाने हाक मारून वेगळे विचारावे व उत्तरासाठी थांबावे.

एक प्रसंग कल्पिता येईल. पुराच्या नदीवरील पुलावर एक राक्षस पहारा देत आहे. सूत्रधाराने पुलावरील झटापटीची तयारी केली आहे. परंतु मुले पुलाकडे न जाता वरच्या अंगाला बांधलेली नाव सोडावयाचे ठरवितात. अशा वेळी “नाव फुटकी आहे” असे सांगण्याचा मोह मोठ्या माणसाला अनावर होतो. त्या एका वाक्याने तयारी वाया जात नाही, पण खेळ संपतो. आपण काहीही म्हटले तरी जावे लागणार पुलावरूनच, हे मुलांना कळून चुकते. त्यानंतर ती निर्णय घेत नाहीत. मोठ्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधू लागतात. ही सवय मुलांना अन्यत्र पुष्कळ लागलेली असते. या खेळाचे मोल ती सवय मोडण्यातच आहे.

म्हणून नाव सुटलीच पाहिजे. ती पार होईल की नाही हे मात्र फाशांवर सोपवावे. दोन फाशांची बेरीज आठ किंवा अधिक आली तर नाव पैलतीरी लागते, असे ठरविले असे समजू. दोन फाशांच्या एकूण ३६ शक्यतांपैकी १५ मुलांच्या बाजूच्या आहेत. दुसऱ्या पात्राने वल्हे हाती घेतले तर बेरजेत एक मिळवावा. आता सातही पुरतात आणि अनुकूल शक्यता २१ होतात. सोबत्याच्या साहाय्याने पारडे कसे फिरते हे मुलांना येथे गणितातूनच दिसते. आणि फासे उलटे पडले तर? नाव बुडाली, गोष्ट संपली, असे करू नये. प्रवाहाने नाव खाली वाहून नेली व ती अनोळखी काठाला लागली, असे म्हणावे. अपयशाने वाट बंद न होता बदलली पाहिजे. मात्र पडलेले दान लपवून खोटे यश देऊ नये. मुलांना ते फार लवकर उमगते आणि मग खऱ्या यशाचाही आनंद उरत नाही.

भीती आणि तिचा उपाय

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले. त्यामुळे मुले वास्तव विसरतात, आत्मघाताकडे वळतात, सैतानाच्या भजनी लागतात, असे आरोप झाले. १९८९ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी राक्षसांची काही नावेही बदलली. पुढे झालेल्या परीक्षणांत या आरोपांना आधार मिळाला नाही. मुलांच्या जिवाची काळजी ही काही चुकीची भावना नव्हे. परंतु आरोप करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो खेळ जवळून पाहिलेलाच नव्हता. शंका असलेल्या पालकाने एक पात्र घेऊन मुलांच्या शेजारी बसणे, हाच तिचा उत्तम उपाय होय.

तेथे बसल्यावर त्याला एक अनोखा अनुभव येण्याचा संभव आहे. घरात ज्याचे मत क्वचितच विचारले जाते ते मूल नदीकाठी उभे राहून सर्वांच्या वतीने विचार करीत असते आणि सगळे त्याच्या उत्तराची वाट पाहत असतात. अशा वेळी मोठ्या माणसाने करावयाचे काम एकच, आणि तेच सर्वांत अवघड आहे. प्रश्न विचारून झाल्यावर त्याने गप्प राहावे.