जुन्या मोटारीचे रंगकाम

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यात राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव आहे. भोवतालचा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. रुई निघाल्यावरही सरकीच्या अंगावर आखूड लव चिकटून राहते, हे तेथील मुलांना सांगावे लागत नाही. परंतु एके काळी मोटारींच्या अंगावर जी चकाकी दिसे, ती अशाच लवेपासून तयार होत असे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

मोटार प्रथम निघाली, तेव्हा तिला रंग देण्याची रीत घोडागाडीचीच होती. जवसाच्या तेलात रंगाची पूड खलून तो लेप कुंचल्याने देत. तो वाळला म्हणजे घासून त्यावर दुसरा देत. आणि असे कित्येक लेप झाल्यावर शेवटी व्हार्निशचा हात फिरवीत. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. त्यामुळे एकेक गाडी रंगून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे लागत. पुढे १९२३ साली अमेरिकेत ‘ड्यूको’ नावाचा नवा रंग मोटारींसाठी वापरात आला. कापसाच्या लवेवर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून जो पदार्थ मिळतो, तो या रंगाचा मूळ घटक. पातळ करणारा द्रव उडून गेला की हा रंग वाळला. आठवड्यांचे काम काही तासांवर आले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ज्या फितीवर उतरविला, तीही याच जातीच्या पदार्थाची होती. दोहोंचा दोष एकच: ठिणगी पडताच भडकणे.

अशी एखादी जुनी मोटार पुन्हा रंगवावयाची म्हणजे काय करावे लागते? रंगाचा डबा उघडण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. प्रथम दिवे, काचा, मुठी, पट्ट्या उतरवून ठेवतात. मग मूळ रंगाचा शोध सुरू होतो. मधल्या मालकांनी आपल्या आवडीप्रमाणे गाडीला निळा, हिरवा, काळा असे रंग चढविलेले असतात. जाणता कारागीर एखादी आडबाजूची जागा निवडून ती बारीक पॉलिशपेपरने अलगद घासतो. तेव्हा एकाखाली एक दडलेले रंग झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे उघडे पडतात. सर्वांत आतले वलय अस्तराचे आणि त्यालगतचे कारखान्यातील पहिल्या रंगाचे. ही तपासणी न करता सरसकट खरवडण्यास लागणारा मनुष्य गाडीचा इतिहासच पुसून टाकतो. कारण एकदा खरवडलेला थर पुन्हा मिळत नाही.

यानंतर खरी झुंज गंजाशी असते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो आणि रंगाखाली तो वाळवीसारखा दृष्टिआड पसरत जातो. त्याचा लहानसा ठिपका जरी राहिला, तरी पुढे पावसाळ्यात तेथे फोड येऊन वरचा रंग सुटू लागतो. म्हणून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासतात आणि जेथे तो सडला असेल तेथे कापून नवा तुकडा जोडतात. पोचा आलेला भाग आतून लोखंडी ठोकळा टेकवून बाहेरून हलक्या हातोडीने सरळ करतात. घाईचा कारागीर या खळग्यांत लांबीचा जाड थापा भरतो आणि वरून रंग देतो. गाडी उभी असते तोवर ती सुंदर दिसते. पण खडबडीत रस्त्यावर हादरे बसू लागताच त्या थाप्याला तडे जातात.

स्वच्छ पत्र्यावर अस्तर देतात. तांबडे अस्तर पुष्कळांनी लोखंडी फाटकांवर पाहिलेले असते. गंमत अशी, की त्यातील तांबडी पूड ही लोखंडाचीच, गंजाची जवळची नातलग! त्यावर लांबीचा पातळ हात देऊन ती पाणी लावून घासतात. पृष्ठभाग सपाट झाला की नाही, हे पाहण्यासाठी काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करून पुन्हा घासतात. उंचवट्यावरचा काळा रंग आधी निघून जातो. खळग्यातला मागे राहून आपली जागा दाखवितो. तरीही अखेरचा निर्णय तळहाताचा. डोळ्यांना न दिसणारी लाट बोटांना कळते.

रंगाची फवारणी सुमारे वीतभर अंतरावरून, हात एका चालीने फिरवीत, पातळ थरांनी करतात. ऋतूही पाहावा लागतो. वऱ्हाडातील वैशाखात फवाऱ्याचे थेंब पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच वाळू लागतात आणि अंग खरखरीत होते. आषाढात द्रव उडताना पत्रा थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरका पडदा येतो. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून पाणी जमते, तोच हा प्रकार. ही वाफ फुप्फुसांना घातक असल्याने कारागिराने मुखपट्टीवाचून काम करू नये.

आपल्या देशात २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी खासगी मोटार मूळ रूपात राखलेली असेल, तिच्या सांगाड्यात, अंगात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसेल, तरच तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. रंगाच्या बाबतीत मात्र जाणकारांत मतभेद आहेत. काही म्हणतात, गाडी कारखान्यातून आली तशी दिसावी. काही म्हणतात, मूळ रंग फिकट का होईना, टिकून असेल तर त्यास हात लावू नये. दुसरे मत अधिक विचाराचे वाटते. रंग देणे अटळच झाले, तर काही कारागीर आसनाखाली किंवा दाराच्या आत तळहाताएवढी जागा न घासता तशीच ठेवतात.