म्हैसुरातले ८७ आणि लेहमधले ८७

‘मुलं यंदा लेह-पँगाँगला घेऊन चालली आहेत. वय बासष्ट, चामुंडीच्या हजार पायऱ्या अजून चढतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही घेतलंय. किती आकडा दिसला की आयसीयू गाठायचं?’ म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या एका वाचकांचा हा प्रश्न.

आधी पायऱ्यांचं बोलू. त्या चढता येतात म्हणजे हृदय आणि गुडघे बरे आहेत, एवढंच. उंचीवरचा आजार त्याने टळत नाही. उलट धडधाकट मंडळीच विमानातून उतरल्या दिवशी शांतिस्तूप चढायला निघतात आणि दुसऱ्या रात्री अंथरूण धरतात. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली १,९२५ भारतीय जवानांच्या अशाच त्रासाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ती सगळी निवडून घेतलेली, कसलेली माणसं होती. सेना आजही जवानाला नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस सरावते, मगच वर धाडते. आपण मात्र सकाळी बंगळूरला विमानात बसतो आणि दुपारी लेहच्या बाजारात फिरतो.

म्हैसूर सुमारे ७७० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. हवेत ऑक्सिजन दोन्हीकडे २१ टक्केच. पण लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. म्हणून तिथे पहिल्या दोन दिवसांत ८७ दिसलं आणि माणूस हसतबोलत असला, तर घाबरू नका. तेच ८७ म्हैसुरात, खोकला-तापात दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय. गार बोट, मेंदी, नेलपॉलिश यांनी यंत्र फसतं. हात चोळून गरम करा, मिनिटभर स्थिर बसा आणि मग वाचा.

आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. उंचीवर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आतला दाब वाढतो आणि फुप्फुसात पाणी झिरपतं. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. सुरुवात साधी असते. कोरडा खोकला, बाथरूमपर्यंत जाऊन आलं तरी धाप. मग बसल्या जागी धाप, आडवं पडवत नाही, ओठ निळसर, थुंकीत गुलाबी फेस. बरोबरच्या सगळ्यांचा आकडा ८८ आणि आजाऱ्याचा एकट्याचा ७२, ही मोठी खूण. घरचे ‘थंडी बाधली’ म्हणून डोलो देऊन झोपवतात. तीच रात्र घातक ठरू शकते.

मुख्य उपचार दोन: ऑक्सिजन आणि खाली उतरणं. लेहच्या एसएनएम रुग्णालयाला असे पर्यटक नवे नाहीत. आकडा ९० च्या वर राहील इतका ऑक्सिजन, ऊब आणि पूर्ण विश्रांती मिळाली की बहुतेक जण दोन-तीन दिवसांत सावरतात. काहींना घट्ट मास्कचं बायपॅप लागतं, व्हेंटिलेटर फारच थोड्यांना. लघवीची गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नका; फुप्फुसातलं हे पाणी हृदयाच्या दोषाने साचलेलं नसतं.

पँगाँगला आयसीयू नाही. शिवाय तिथून लेहला परतायचा नेहमीचा रस्ता ५,३०० मीटरहून उंच चांग ला खिंडीतून जातो. म्हणजे उतरण्यासाठी आधी चढायचं. लेहमध्येच डोकं ठणकत असेल, खोकला असेल, तर पुढची गाडी सोडा. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं बसून, पाणी पिऊन काढा. दारू नको, झोपेची गोळी नको.

दमा आटोक्यात असेल तर सहसा अडचण येत नाही. इन्हेलर मात्र खिशात हवा, बॅगेत नव्हे. सीओपीडी, फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब, नुकता आलेला हृदयविकाराचा झटका, किंवा म्हैसुरातच आकडा ९२ च्या आसपास असेल, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिकीट काढू नका. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचंही त्यांनाच विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. (उटीला जायला इतकी तयारी लागत नाही. उटी २,२४० मीटरवर, आणि विमानातल्या हवेचा दाब साधारण तितक्याच उंचीचा असतो.)

वाचकहो, धाप लागलेल्या माणसाला खोलीत एकटं झोपवू नका आणि उतरायला सकाळची वाट बघू नका. हॉटेलचे आणि तिकिटाचे पैसे बुडतील, बुडू द्या.