हंसराजाची जोपासना

मृगाचा पाऊस स्थिर झाला म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशीं ओढ्यांच्या दरडींवर, शेताच्या बांधांवर व जुन्या भिंतींच्या ओलसर बाजूस एक नाजूक रोप डोकें वर काढतें. त्याचे देंठ काळे, तकतकीत व तारेसारखे बारीक असून त्यांच्या दोहों बाजूंस अर्धचंद्राकार हिरवीं दलें ओळीनें लागलेलीं असतात. ह्यास हंसराज म्हणतात, व ज्या वर्गांत तो मोडतो त्यास नेचे असें नांव आहे. त्याचें शास्त्रीय नांव अडिअँटम. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ न भिजणारें असा आहे. कारण पाण्याचा थेंब ह्याच्या दलांवर न पसरतां घरंगळून जातो.

पुष्कळ लोक पावसाळ्यांत हीं रोपें उपटून आणतात व ओटीवर डब्यांत लावितात. दिवाळीनंतर तीं पिवळीं पडून वाळलीं म्हणजे मेलीं असें समजून फेकून देतात, आणि पुढील वर्षीं पुन्हां दरडीवर हात घालतात. अशानें दरड उजाड होते आणि कुंडी मात्र रिकामीच राहते. ही हानि अज्ञानामुळें होते, म्हणून हंसराजाचा जीवनक्रम वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, हंसराज वाळतो, पण मरत नाहीं. त्याचें खरें खोड जमिनीलगत लहानशा गड्ड्यासारखें असतें. कोरड्या ऋतूंत पानें जातात व खोड निजून राहतें. पहिल्या पावसानें त्यांतून गुंडाळी केलेले नवे कोंब निघतात आणि हळूहळू उलगडतात. तेव्हां पानें वाळलीं तरी कुंडी सावलींत ठेवावी, पाणी कमी करावें, परंतु माती अगदीं ठणठणीत कोरडी होऊं देऊं नये.

दुसरी गोष्ट लागवडीची. मातीची उथळ कुंडी घ्यावी. भोंकावर खापऱ्यांचे तुकडे पसरावे, म्हणजे पाणी सांचणार नाहीं. कुजलेला पालापाचोळा दोन भाग, तांबडी माती एक भाग व जाडी रेती एक भाग असें मिश्रण करून त्यांत विटांचे व कोळशाचे बारीक तुकडे घालावे. ताजें शेण घालूं नये; त्यानें कोंवळीं मुळें जळतात. खोड वरच्यावर बसवावें. खोल पुरल्यास तें कुजतें. सकाळचें कोंवळें ऊन चालतें, पण दुपारचें ऊन व झोंबरा वारा ह्यांपासून रोप जपावें. विहिरीचें पाणी खारें असेल तर मातीवर पांढरा थर चढतो व दलांच्या कडा करपतात. अशा ठिकाणीं पावसाचें पाणी धरून ठेवावें. उन्हाळ्यांत परातींत खडे पसरून त्यांवर कुंडी ठेवावी व कुंडीच्या बुडाला लागणार नाहीं इतकें पाणी परातींत घालावें. त्याच्या वाफेनें भोंवतालची हवा ओलसर राहते.

तिसरी गोष्ट वंशवृद्धीची. नेच्यास फूल नाहीं व बींहि नाहीं. हंसराजाच्या दलाची कड खालच्या बाजूस दुमडलेली असते, आणि त्या घडींत तपकिरी भुकटी तयार होते. कित्येक लोक हा रोग समजून पानें तोडून टाकितात. तो रोग नव्हे. तींच नेच्याचीं बीजुकें होत. बीजुक ओलसर मातीवर पडलें म्हणजे त्यापासून एकदम रोप होत नाहीं. आधीं नखाहून लहान, हृदयाच्या आकाराचें एक हिरवें पापुद्र्यासारखें अंग होतें. त्याच्या खालीं नर व मादी पेशी तयार होतात, आणि पाण्याच्या पातळ थरांतून पोहत जाऊन नरपेशी मादीपेशीस मिळते. त्या संयोगांतून खरा नेचा जन्मतो. म्हणूनच ओलाव्यावांचून नेच्याचा वंश चालत नाहीं. हा क्रम जर्मन शास्त्रज्ञ हॉफमाइस्टर ह्यांनीं १८५१ सालीं स्पष्ट करून दाखविला.

परंतु हंसराजास ह्याहून सोपी एक वाट ठाऊक आहे. त्याच्या लांब पानाचें टोंक वांकून मातीस टेकलें म्हणजे तेथें मुळें फुटतात व नवें रोप उभें राहतें. असें टोंक शेजारच्या कुंडींतील मातीवर खड्यानें दाबून ठेवावें; रोपानें मूळ धरल्यावर मग तोडावें. एका रोपापासून अनेक रोपें होतात, आणि दरडीस धक्का लागत नाहीं.

ह्या सावधगिरीचें महत्त्व दुसऱ्या देशाच्या अनुभवावरून कळेल. लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड ह्यांचे नेचे शहराच्या धुरांत जगत नसत. १८२९ सालीं पतंगाचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलींतील ओल्या मातींतून नेचा आपोआप उगवलेला त्यांस आढळला. त्यावरून कांचेच्या बंद पेट्या निघाल्या, आणि अशाच पेट्यांतून १८५१ च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्यून ह्यांनीं चीनमधील चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आणिलीं. एवढें हित झालें खरें. पण त्याच पेट्यांमुळें घरोघर नेचे बाळगण्याची हौस भडकली. चार्ल्स किंग्जली ह्या पाळकांनीं १८५५ सालीं तिला ‘नेच्यांचें वेड’ अशा अर्थाचें नांव दिलें. किलार्नीचा नेचा तर संग्राहकांनीं इतका ओरबाडला कीं, कित्येक ठिकाणांहून तो नाहींसा झाला. जें आवडलें तेंच हौसेनें नष्ट केलें.

तरी आमची वाचकांस विनंति अशी कीं, दरडीवरून आणणें झाल्यास एकच रोप मातीच्या गोळ्यासह आणावें, आणि पुढें त्याचींच पिलें शेजाऱ्यांस द्यावीं. शाळा चालविणाऱ्यांनीं एक कुंडी वर्गांत वर्षभर ठेवावी व मुलांकडून तिची स्थिति दर महिन्यास लिहून घ्यावी. माघांत रिकामी दिसणारी कुंडी आषाढांत भरलेली मुलें स्वतः पाहतील, तर हा पाठ त्यांस पुन्हां शिकविण्याची गरज राहणार नाहीं.

प्रश्न
१. दिवाळीनंतर हंसराज वाळल्यास काय करावें व कां?
२. दलांच्या कडेची तपकिरी भुकटी म्हणजे काय?
३. नेच्याच्या वंशवृद्धीस ओलावा कां लागतो?
४. दरडीस न दुखवितां नवीं रोपें कशीं करावीं?